झाकणांपासून फळीपर्यंत: विक्रोळीतल्या एका इमारतीच्या प्लॅस्टिक-नोंदी

२७ एप्रिल २०२५, रविवार

कन्नमवार नगरमधली इमारत, ४० घरं. आठवडाभराचं सगळं प्लॅस्टिक गच्चीवर ओतून मोजलं: ३१.४ किलो. त्यात पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या ७.२, दुधाच्या पिशव्या ४.१, बाकी पातळ पिशव्या ५.३, कडक माल (डबे, फिनेल-शाम्पूच्या बाटल्या, झाकणं) ८.६, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं ४.४, आणि कशातच न बसणारं १.८ किलो.

कामं दोन ठरली. भंगारवाला मिश्र ढिगाला किलोमागे ८ रुपये देतो, तोच माल जातवार वेगळा करून द्यायचा. आणि एचडीपीई हे कडक प्लॅस्टिक, मुख्यतः झाकणं, इथेच वितळवून फळ्या दाबायच्या. मोरीत हंडे-बादल्यांखाली ठेवलेल्या लाकडी फळ्या दोन पावसाळ्यांत कुजतात, त्यांच्या जागी या बसतील.

पहिल्या दिवशी फक्त वस्तूच्या तळाशी छापलेल्या त्रिकोणातला आकडा वाचून ढीग केले. १ पेट (पाण्याच्या बाटल्या), २ एचडीपीई (फिनेलच्या बाटल्या), ३ पीव्हीसी (पाइप), ४ एलडीपीई (दुधाच्या पिशव्या), ५ पीपी (श्रीखंडाचे डबे), ६ पॉलिस्टायरीन (दह्याचे कप), ७ इतर. चार जणांचे तीन तास गेले आणि ८.६ किलो कडक मालातल्या जवळजवळ ३ किलोवर वाचता येईल असा आकडाच सापडला नाही. श्रीखंडाच्या डब्याच्या तळाशी ५ आहे, झाकण कोरं. शाम्पूच्या बाटलीवर २ आहे, पण तिचं झाकण दुसऱ्याच प्लॅस्टिकचं आणि पंपाच्या पोटात स्टीलची स्प्रिंग. आकडा त्या एका तुकड्यापुरताच खरा धरायचा, अख्ख्या वस्तूला लावायचा नाही. ७ म्हणजे तर एक प्लॅस्टिकच नव्हे. त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि थरांचं मिश्रणही. ७ चा ढीग वितळवण्याच्या जवळपासही आणायचा नाही.

१ मे, गुरुवार

पाण्याची चाचणी. पाण्याची घनता १. पीपी (०.९० ते ०.९१), एलडीपीई (०.९१ ते ०.९४) आणि एचडीपीई (०.९४ ते ०.९७) तरंगतात. पॉलिस्टायरीन (१.०५ च्या आसपास), पीव्हीसी (१.३ च्या वर) आणि पेट (१.३८) बुडतात. कागदावर सोपं. टबात मात्र पहिल्या तासात सगळंच तरंगलं.

तीन कारणं सापडली. अख्खं झाकण उलटं पडलं की पोटात हवा धरतं. तुकड्यांच्या कडांना बारीक बुडबुडे चिकटतात. आणि डब्यांना तेलाचा हात असतो. उपाय असा: कातरीने नखाएवढा तुकडा कापायचा, टबात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकायचे, तुकडा चिमट्याने पाण्याखाली नेऊन दोनदा झटकायचा आणि मगच सोडायचा. एवढं केल्यावर निकाल स्वच्छ यायला लागले.

बुडालेल्यांसाठी दुसरा टब मिठाचा. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम खडे मीठ. त्यात पॉलिस्टायरीन वर येतं, पेट आणि पीव्हीसी खालीच राहतात. इमारतीचा कचरा उचलणाऱ्या मावशींना या टबाची गरजच पडली नाही. त्यांनी दह्याचा एक कप फरशीवर टाकला, तो काचेसारखा टण्ण वाजला, आणि त्या म्हणाल्या, "हा वेगळा टाका, हा मोडतो." तो पॉलिस्टायरीन निघाला. आवाजाची ही खूण आम्ही नंतर वीसेक कपांवर मिठाच्या पाण्याने ताडून पाहिली, एकदाही चुकली नाही. थर्मोकोलही तेच प्लॅस्टिक, पण आत हवा कोंडलेली असल्यामुळे साध्या पाण्यावरही तरंगतं. ते टबात घालूच नका.

एक सापळा: प्लॅस्टिकच्या मोडक्या खुर्चीचा तुकडा बुडाला. खुर्ची पीपीची असते, पण स्वस्त मालात खडूची पूड भरलेली असते, ती वजन वाढवते. असा भरलेला पीपी वेगळा ठेवला.

४ मे, रविवार

आजचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तरंगणाऱ्या कडक तुकड्यांमधून पीपी आणि एचडीपीई वेगळं कसं करायचं? हे दोन मिसळले तर फळी बिघडते, म्हणून इथे वेळ लागला तरी चालेल असं ठरवलं होतं.

आधी शेंगदाणा तेल वापरलं, ते चुकलं. तेलाची घनता पीपीच्या इतकी जवळ आहे की तुकडा ना वर येतो ना खाली जातो, मधेच लोंबकळत राहतो. शिवाय प्रत्येक तुकडा नंतर धुवावा लागतो. दीड तास आणि अर्धा लिटर तेल वाया.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी. ४०० मिली अल्कोहोल, ६०० मिली पाणी, म्हणजे घनता साधारण ०.९३. प्रमाणावर विसंबू नका, ओळखीच्या तुकड्यांनी जुळवा. ५ चा शिक्का असलेल्या डब्याचा एक तुकडा आणि २ चा शिक्का असलेल्या फिनेलच्या बाटलीचा एक तुकडा आत टाका. दोन्ही बुडाले तर चमचा-चमचा पाणी घाला, दोन्ही तरंगले तर अल्कोहोल. एक वर, एक खाली अशी स्थिती आली की तोच खरा काटा. मग अनोळखी तुकडा सोडा. एचडीपीई कलत, गिरक्या घेत सावकाश तळाला टेकतो, पीपी बुडवला तरी उसळून वर येतो. हा फरक दोन हात लांबून दिसतो.

पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बहुतेक एचडीपीईची निघाली. काही पीपीची निघाली, रंगावरून ओळखता येत नाहीत. आत वेगळी मऊ चकती असलेली झाकणं बाजूला ठेवा. चकती दुसऱ्या पदार्थाची असते, ती नखाने उचकटून काढली तरच झाकण घ्यायचं.

अल्कोहोल चटकन पेटतं. टबाला झाकण ठेवा. शेगडी, उदबत्ती, ओव्हन, काहीही जवळ नको.

११ मे, रविवार

पातळ माल. ताणला की लांबतो, हाताला मऊ लागतो तो एलडीपीई: दुधाच्या पिशव्या, जाड पिशव्या. कडकड वाजतो, काचेसारखा चकाकतो आणि चिरा पाडला की सरळ फाटत जातो तो पीपी: शर्टाची पिशवी, फरसाणची पारदर्शक पिशवी. पण वाजतं ते सगळं पीपी नव्हे. भाजीवाल्याची पातळ पिशवीही वाजते आणि ती एचडीपीईची असते. ती धुरकट दिसते, चकाकत नाही. आवाज आणि चकाकी दोन्ही जुळली तरच पीपीत टाकायचं. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ हातपिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे, तरी ढिगात त्याच सगळ्यात जास्त. पातळ पिशवीला वजनाच्या मानाने मळ फार चिकटतो, म्हणून त्यांना कुणी दर देत नाही.

दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका. तो नखाएवढा तुकडा कुठल्याच ढिगात पोचत नाही, सरळ गटारात जातो. चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. घरोघरी हे सांगितल्यावर दोन आठवड्यांत बहुतेक पिशव्या अख्ख्या यायला लागल्या.

चकचकीत पाकिटांत प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असतो. हे थर हाताने सुटत नाहीत. ही पाकिटं पालिकेच्या सुक्या कचऱ्यात. अशा मालाचा उपयोग शेवटी बहुतेक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून होतो.

१४ मे, बुधवार

पीव्हीसी शोधायची चाचणी, कारण तापवताना क्लोरीनचं आम्ल सोडणारा हा एकच नेहमीचा प्रकार. पीव्हीसीचा एक तुकडा पेटच्या गोणीत गेला तर तो सगळा माल पिवळा-काळा पाडतो.

तांब्याची तार, १५ सेंटिमीटर, एक टोक लाकडी मुठीत. तार गॅसच्या ज्योतीत ज्योतीचा रंग मूळचा होईपर्यंत तापवायची, लाल असतानाच प्लॅस्टिकला टेकवायची, कणभर चिकटलं की परत ज्योतीत धरायची. झळझळीत हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन. हे गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून आणि कणभर मालावरच करायचं.

हिरवी ज्योत दिलेल्या वस्तू: चादरीची चेनवाली पारदर्शक पिशवी, गोळ्यांच्या पाकिटाची पारदर्शक बाजू, केबलचं आवरण, पाइपाचा तुकडा, आणि खेळण्याचं एक पारदर्शक खोकं, जे आम्ही सगळ्यांनी पेट समजून ठेवलं होतं. त्या एका खोक्यामुळे पेटची पूर्ण गोणी पुन्हा उपसली. बाटलीच्या आकाराची नसलेली पारदर्शक वस्तू आता तारेखालून गेल्याशिवाय पेटमध्ये जात नाही.

साध्या जाळण्याच्या खुणाही नोंदवून ठेवतो. एलडीपीई, एचडीपीई आणि पीपी मेणबत्तीसारखे ठिबकत जळतात आणि मेणाचा वास येतो. पॉलिस्टायरीन काजळीचे धागे सोडतं. पीव्हीसी ज्योत काढली की विझतं. पण वासावर विसंबायचं म्हणजे धूर नाकात घ्यायचा. टबांनी काम भागत असेल तर हे करू नका.

१८ मे, रविवार. पहिली फळी, फुकट

जुना ओव्हन, वर-खाली कॉइल असलेला. यात पुन्हा कधीही खाणं शिजणार नाही, तसं रंगाने लिहून ठेवलं. साचा लोखंडी पत्र्याचा, आतलं माप २५० × १८० मिमी, फळी २० मिमी जाड. हिशेब असा: २५ × १८ × २ = ९०० घन सेंमी, गुणिले ०.९५ म्हणजे ८५५ ग्रॅम. कडेने वाहून जाणारं धरून ९०० ग्रॅम घेतलं. झाकणं साधारण ४७० लागली.

ओव्हनची तापमानाची चकती १८० वर ठेवली, दीड तास. वरचा थर तपकिरी आणि कडवट वासाचा, तळाशी झाकणं जशीच्या तशी. थर्माकपलचा (तापमान मोजायच्या तारेचा) काटा आत घातल्यावर कळलं: कॉइलजवळ २१५ अंश, साच्याच्या तळाशी १६०. चकतीवरचा आकडा काही कामाचा नाही. वर बटर पेपर अंथरला होता, तो फळीत रुतला आणि अजून निघालेला नाही. संध्याकाळ गेली, माल मात्र तोडून परत वापरता येईल.

२५ मे, रविवार

बदल केले. वरची कॉइल तोडली. खालच्या कॉइलवर ६ मिमी जाड लोखंडी प्लेट ठेवली, त्यामुळे उष्णता सारखी पसरते. बटर पेपरऐवजी टेफ्लॉनचा कापडी शीट घेतला, त्याला एचडीपीई चिकटत नाही. थर्माकपल साच्याच्या भिंतीला टेकवून १९० अंशांवर धरला. एचडीपीई १३० च्या आसपास वितळतं, पण मधाइतकंही पातळ होत नाही, म्हणून तापमान वर लागतं. २२० च्या पुढे धूर दिसू लागतो, तिथवर जायचंच नाही.

झाकणं तीन हप्त्यांत भरली, कारण वितळल्यावर ढीग तिसऱ्या हिश्शाएवढा बसतो. एकूण अडीच तास. मग साचा बाहेर, वर लोखंडी झाकण, चार सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे शिकंजे). ४० मिनिटांनी क्लॅम्प सोडले, हीच चूक. तासाभरात फळी केळ्यासारखी वाकली आणि मधोमध खळगा पडला. थंड होताना एचडीपीई आक्रसतं. आमची २५० ची फळी २४४ मिमी भरली. क्लॅम्प दर दहा मिनिटांनी अर्धा वेढा आवळत राहायचे आणि रात्रभर सोडायचे नाहीत.

मास्क साधा कापडी नको, सेंद्रिय वाफेचा फिल्टर असलेलाच. ओव्हन गच्चीवरच्या शेडमध्ये, तिन्ही बाजू उघड्या.

२८ मे, बुधवार

पाऊस २६ तारखेलाच आला, नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. वाळत घातलेली दोन गोणी झाकणं परत भिजली. काल घाईत दाबलेल्या फळीत वाटाण्याएवढे बुडबुडे निघाले. झाकणाच्या आट्यांमध्ये पाणी अडून बसतं आणि साच्यात त्याची वाफ होते. एचडीपीई पाणी शोषत नाही, हे खरं. पाणी वरच असतं, पण तेवढं पुरतं.

नवा क्रम: धुतलेली झाकणं कांद्याच्या जाळीदार गोणीत घालून जोरात झटकायची, पंख्याखाली २४ तास टांगायची, आणि दाबायच्या आधी ओव्हनचं दार फटीएवढं उघडं ठेवून ८० अंशांवर अर्धा तास. तेव्हापासून बुडबुडे नाहीत.

१५ जून, रविवार. विक्री

हॉटेलातून आलेले काळे-पांढरे डबे (पीपी) धुणं हा या कामातला सगळ्यात मोठा खर्च, पैशांचा नव्हे, पाण्याचा आणि हातांचा. गार पाण्याने तेलकटपणा जात नाही. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम, म्हणजे ६० अंशांच्या आसपासचं पाणी, बादलीला मूठभर धुण्याचा सोडा, वीस मिनिटं भिजवणं, हातमोजे घालून. तीन टब ओळीने: तिसऱ्या टबाचं पाणी पुढच्या खेपेला दुसऱ्यात, दुसऱ्याचं पहिल्यात. पाणी सकाळी ठरलेल्या वेळीच येतं, त्यामुळे ही काटकसर करावीच लागते. हळदीचा पिवळा डाग जात नाही आणि जाण्याची गरजही नाही. रंगाने दर थोडा कमी होतो, माल नाकारला जात नाही.

पेटच्या बाटलीवरचं लेबल सोलून काढा, झाकण आणि मानेवरची रिंगही. हिरव्या बाटल्या वेगळ्या. केक-फळांचे पारदर्शक ट्रे पेटचे असले तरी भंगारवाल्याने घेतले नाहीत. बाटलीचा पेट आणि ट्रेचा पेट एकत्र चालत नाही, असं तो म्हणाला, आणि ते बरोबर आहे. पेट इथे वितळवायचा प्रयत्न करू नका. त्याला २५० अंशांच्या वर तापमान लागतं, जराही ओल राहिली तर तो ठिसूळ होतो.

सात आठवड्यांची विक्री: पेट ४३ किलो, १८ रुपयांनी ७७४. दुधाच्या पिशव्या २२.५ किलो, १२ रुपयांनी २७०. पीपी १९ किलो, १६ रुपयांनी ३०४. एकूण १,३४८ रुपये. हाच ८४.५ किलो माल मिश्र दिला असता तर ६७६ मिळाले असते. पहिल्या वेळी भंगारवाल्याने गोण्या मिश्र दराने तोलायला घेतल्या. त्याच्यासमोर अल्कोहोलचा टब ठेवून दहा तुकडे सोडून दाखवले, मग त्याने दर बदलला. हा माल पुढे धारावीतल्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीत जातो, तिथे तो पुन्हा हाताने निवडला जातो आणि मग दळून दाणा होतो. निवडीतली आमची चूक तिथल्या कुणाच्या तरी हातांवर पडते.

६ जुलै, रविवार

सातवी फळी करवतीखाली सोलवटली. कापलेल्या कडेला नख लावलं तर खारीसारखे पापुद्रे सुटत आले. मधे मधे पांढुरके थर, त्यांना दोन्ही बाजूंनी काही चिकटलेलंच नाही. आत पीपी गेलं होतं. १९० अंशांवर दोन्ही वितळतात, पण एकजीव होत नाहीत.

मूळ शोधलं. टबातलं अल्कोहोल महिनाभरात उडून गेलं होतं, त्यामुळे द्रव जड झाला आणि एचडीपीईसुद्धा तरंगायला लागलं. ते दुरुस्त करायला कुणीतरी अंदाजाने अर्धा लिटर अल्कोहोल एकदम ओतलं. मग द्रव इतका हलका झाला की पीपीही बुडालं, आणि बुडालेलं सगळं एचडीपीई म्हणून साच्यात गेलं. जवळपास ४ किलो झाकणं संशयित, सगळी पुन्हा तपासली. साडेपाच तास.

आता ओळखीचे दोन तुकडे, छिद्र पाडून दोरा बांधलेले (पीपीला निळा, एचडीपीईला लाल), कायम टबातच असतात. निळा वर, लाल खाली दिसल्याशिवाय कुणी एकही तुकडा सोडत नाही. टब दर वेळी घट्ट झाकायचा.

१३ जुलै, रविवार

मोरीत बसवलेल्या पहिल्या दोन फळ्यांवरून पाय सरकतो अशी तक्रार आली. खरीच आहे, ओलं एचडीपीई साबणासारखं निसरडं होतं. त्याच दिवशी काढल्या. उपाय: साच्याच्या तळाशी टेफ्लॉनखाली जाड विणीची तारेची जाळी ठेवली, त्यामुळे फळीच्या एका बाजूला चौकडी उमटते. ती बाजू वर. आता पाय धरतो, हंडाही सरकत नाही.

फळ्या जोडायला दोन प्रकारचे गोंद वापरून पाहिले, दोन्ही सुटले. एचडीपीईला गोंद धरत नाही. स्टीलचे स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. करवत मोठ्या दातांची घ्या, बारीक दातांत माल वितळून अडकतो. भुसा खाली चादर अंथरून गोळा करायचा आणि पुढच्या साच्यात टाकायचा, मोरीतून वाहू द्यायचा नाही. या फळ्यांवर भाजी चिरू नका, खाणं ठेवू नका: झाकणांत आधी काय होतं ते आपल्याला माहीत नाही.

फिनेलच्या बाटल्यांचे तुकडे झाकणांबरोबर घातले तर लवकर पसरत नाहीत. फुगवून केलेल्या बाटलीचं एचडीपीई वितळल्यावर घट्टच राहतं. चौथा हिस्सा एवढंच घालतो, तेही बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. लेबल चिकटलेला भाग कापून टाकायचा.

१० ऑगस्ट, रविवार

खर्च: जुना ओव्हन २,३००, साचा आणि प्लेट १,४५०, चार क्लॅम्प १,३६०, टेफ्लॉन शीट २८०, थर्माकपल ४८०, मास्क आणि फिल्टर १,३५०, अल्कोहोल ५ लिटर ९००, मीठ-सोडा १६०, टब ६२०. एकूण ८,९०० रुपये. विक्रीतून हा निघायला वर्षाच्या आसपास लागेल. हाताची मजुरी यात धरलेली नाही.

आजवर १४ फळ्या झाल्या. त्यातल्या तीन मोडून परत वितळवल्या, सोलवटलेली सातवी वितळवता येत नाही, ती खूण म्हणून शेडमध्ये टांगली आहे. एका फळीमागे ओव्हनचे अडीच तास, पण निवडणं-धुणं-वाळवणं मिळून सहा. माणसं वाढवायची तर तिथे.

गणपतीआधी दोन मंडळांकडून जुने फ्लेक्स आले. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर, तांब्याच्या तारेने हिरवी ज्योत लगेच दिली. वितळवायचा नाही, पेटच्या गोणीजवळही ठेवायचा नाही. धुऊन वाळवणाच्या जाळ्यांवर छप्पर म्हणून बांधला आहे.

पुढची दाबणी १७ तारखेला, दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी. दहीहंडीच्या दिवशी मैदानातून पाण्याच्या बाटल्या खूप मिळतील. झाकणं तिथेच वेगळी करून आणायला दोन जाळीच्या गोण्या आणि मोठी चाळणी तयार ठेवली आहे. टब आज भरला: निळा दोरा वर, लाल खाली.